काळ्या गाडीवर उन्हात गोल ओरखडे का दिसतात, आणि रंग न बिघडवता गाडी धुवायची-पुसायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काळी गाडी, घेऊन दीड वर्ष झालं. सोसायटीत एक माणूस रोज सकाळी बादली-फडकं घेऊन ती पुसतो, तरी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. सोसायटीत पाइप लावायला बंदी, पाणी बोअरचं. शाम्पू बदलू की सिरॅमिक कोटिंग करून घेऊ?

आत्ता दोन्ही नको. आधी रोजचं पुसणं थांबवा. तो रोज पुसतो 'तरी' ओरखडे आले असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ते पुसण्यानेच आलेत.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा. डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. चमक दिसते ती या थराची. रात्रभरात गाडीवर बसणाऱ्या धुळीत माती असते, काजळी असते, टायरचा चुरा असतो आणि वाळूचे अगदी बारीक कणही असतात. वाळूतलं क्वार्ट्झ कडकपणाच्या मोजपट्टीवर ७ ला येतं, काच साडेपाचच्या आसपास, आणि क्लिअर कोट दोन्हींपेक्षा कितीतरी मऊ. जवळपास बांधकाम चालू असेल तर वाळू-सिमेंट रोजच येऊन बसणार.

ओल्या फडक्याने ही धूळ विरघळत नाही. ती फडक्याला चिकटते आणि पुढच्या हाताबरोबर बॉनेटभर फिरते. त्यात बादली एक, फडकं एक आणि गाड्या दहा-बारा. तिसऱ्या-चौथ्या गाडीला त्या पाण्याचा चहा झालेला असतो. तुमचा नंबर कितवा आहे ते एकदा खाली जाऊन बघा.

ओरखडे गोल दिसतात, पण ते तसे नसतात. ते सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात. दिव्याभोवतीच्या ओरखड्यांपैकी जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ भासतं. अंधाऱ्या पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हात हळूहळू सरकवा, वर्तुळही टॉर्चबरोबर सरकेल. शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवरही हे सगळं असतं, फक्त दिसत नाही.

आता त्या माणसाचं काय करायचं? काढून टाकायची गरज नाही. त्याचा महिना तेवढाच द्या आणि काम बदला. काचा, आरसे, चाकं, पायातले मॅट आणि आतली झाडलोट त्याच्याकडे; रंगाच्या पत्र्याला हात लावायचा नाही. काचेचं फडकं वेगळं, चाकांचं वेगळं, आणि दोन्ही तुम्हीच द्या. 'रोज पुसू नका' एवढंच सांगितलंत तर चार दिवसांनी सवयीने फडकं पुन्हा बॉनेटवर फिरेल. धुळीने माखलेली गाडी वाईट दिसते खरी, पण नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला फारसं काही करत नाही. ती घासली की करते. कोरड्या धुळीवर झटकणी, पिसांचा ब्रश, जुन्या साडीचं किंवा बनियनचं मऊ फडकं, हे सगळं एकाच माळेतलं. कापड मऊ असून उपयोग काय, मधे वाळूचा कण आहे ना!

धुण्याचा नियम एकच धरा: हात लागण्याआधी जास्तीत जास्त धूळ निघून गेली पाहिजे. पाइप नाही म्हणता, तर तुमच्यासाठी रिन्सलेस वॉश, म्हणजे बादलीतल्या पाण्यात मिसळायचं द्रव, सोयीचा. यात पॉलिमर असतात. ते धुळीच्या कणांना वेढून निसरडं करतात, आणि शेवटी पाण्याने धुवून काढावं लागत नाही. दाट प्रकारच्या बाटल्यांवर १ भागाला २५६ भाग पाणी असं प्रमाण असतं, म्हणजे ५ लिटरला साधारण २० मिली. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. जास्त ओतलं की जास्त स्वच्छ होत नाही, पत्र्यावर चिकट पट्टे राहतात.

सामान फारसं लागत नाही. एक बादली, झाडांवर मारतात तो हातपंपाचा २ लिटरचा स्प्रे, ३० बाय ३० किंवा ४० बाय ४० सेंटिमीटरची आठ-दहा मायक्रोफायबर फडकी आणि पुसायचा एक मोठा टॉवेल. स्प्रे नवाच घ्या. कीटकनाशक मारलेला उचलून आणू नका.

गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असलं पाहिजे. तळहात टेकवून बघा, उबदार लागलं तर थांबा. चाकं आधी उरका, वेगळ्या पाण्याने आणि वेगळ्या फडक्याने. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचा चुरा असतो, ते फडकं पुन्हा रंगाजवळ येता कामा नये. मग बादलीतलंच मिश्रण स्प्रेमध्ये भरून एका भागावर भरपूर मारा आणि दीड-दोन मिनिटं थांबा. घाण सुटून खाली ओघळताना दिसेल. सगळी गाडी एकदम भिजवू नका, एका वेळी एक-दोन भाग.

फडकी बादलीत भिजत ठेवलेली असतात. एक काढा, हलकं पिळा आणि चौघडी करा. असं दुमडल्यावर त्याच्या दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठं मिळतात. टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांचा खालचा तिसरा हिस्सा, पुढचे-मागचे बंपर. सगळ्यात जास्त वाळू खाली असते. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही, आणि दाब फडक्याच्या वजनाइतकाच. एक पृष्ठ एका हातभर जागेसाठी, मग पलटा. आठही पृष्ठं वापरून झाली की फडकं बाजूला टाका. बादलीत परत बुडवायचं नाही, हा या पद्धतीतला कळीचा मुद्दा. लोक बरोबर इथेच आळस करतात आणि मग रिन्सलेसने ओरखडे पडतात अशी तक्रार करतात. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून चालत नाही.

पावसाळ्यात चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खाली चिखल वाळून बसतो, तिथे ही पद्धत चालणार नाही. अशा वेळी वॉशिंग सेंटरला जा आणि स्पष्ट सांगा: फक्त पाण्याचा मारा द्या, फोम मारला तरी चालेल, पण फडकं-स्पंज लावू नका. पैसे पूर्ण घ्या म्हणा, नाहीतर पोरगा सवयीने स्पंज घेऊन येतोच, आणि तो स्पंज आधी कुणाच्या चाकाला लागला होता ते तुम्हाला कळणार नाही. नोझल पत्र्यापासून फूट-दीड फूट लांब असावं. दगड लागून टवका उडालेला असेल किंवा बंपर नुकताच रंगवला असेल तर आणखी लांब, कारण टवक्याच्या कडेत जोराचं पाणी शिरलं की रंगाची खपली वाढते. चिखल गेला की उरलेलं घरी येऊन करा.

गावी वगैरे पाइप मिळाला तर दोन बादल्यांची पद्धत: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि दोन्हींच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा एका भागावर फिरवून आधी साध्या पाण्यात जाळीवर घासायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. भांड्यांच्या साबणाने रंग उडत नाही, मात्र लावलेलं वॅक्स उतरतं. कपड्यांची पावडर नकोच. ती चांगलीच अल्कधर्मी असते, आणि न विरघळलेला दाणा फडक्यात राहिला तर तो पुन्हा घासणार.

आता वाळवणं. तुमच्या बाबतीत अर्धा घोटाळा इथे असणार, कारण पाणी बोअरचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि पांढरी कडी उमटते. गरम पत्र्यावर हे मिनिटाभरात होतं. ती कडी आठवडाभर उन्हात तापली की क्लिअर कोटमध्ये रुतून बसते आणि मग पॉलिशशिवाय निघत नाही. ताजी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, अर्धा-एक मिनिट नुसतं टेकवून ठेवा, घासू नका, आणि लगेच साध्या पाण्याने उतरवून कोरडं करा.

पाण्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरून काटकसर केली असं वाटतं. पण मशीनने अडवलेले क्षार त्याच पाण्यात साठतात, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड असतं. चाकं आणि चिखल धुवायला खुशाल घ्या, शेवटचा हात त्याचा नको. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते हवेतल्या बाष्पाचं पाणी. नळीतली बुळबुळ आणि धूळ तेवढी येते, म्हणून दोन पदरी पंच्यातून गाळून घ्या. रिन्सलेसच्या बादलीला उत्तम. बॅटरीत किंवा रेडिएटरमध्ये मात्र हे पाणी भरू नका.

पुसायचा टॉवेल किमान ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा, जाड), मोठा आणि शक्यतो शिवलेली कड नसलेला घ्या. अगदी कोरडा टॉवेल सुरुवातीला पाणी नीट ओढत नाही, म्हणून त्यावर स्प्रेचे दोन फवारे मारा. मग दोन्ही हातांनी दोन कोपरे धरून टॉवेल बॉनेटवर अंथरा, चादर घालतो तसा, आणि आपल्याकडे हळू ओढून घ्या. पाणी टॉवेलच उचलतो, वरून हाताने दाबायची गरज नसते. उभ्या दारांवर टॉवेल टेकवून थोपटा. रबरी पट्टी, म्हणजे वायपरसारखं पाणी ओढायचं साधन, काचेवर ठीक आहे, रंगावर नको. पट्टीखाली एक कण सापडला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. पिवळ्या शॅमॉय कापडाचंही तेच दुखणं, त्याला लव नसल्याने कणाला आत शिरायला जागा नाही.

झालं म्हणून आत जाऊ नका. आरशांच्या खाचा, दारांचे हँडल, मागची अक्षरं आणि टेल लॅम्पच्या कडा यांतून पाच-दहा मिनिटांनी पाणी ओघळतं आणि वाळून रेघा राहतात. दारं आणि डिकी उघडून आतल्या कडा एका जुन्या फडक्याने टिपा, मग सोसायटीला एक चक्कर मारून दोन-चार वेळा ब्रेक दाबा. खाचांतलं पाणी बाहेर येईल आणि ब्रेकच्या डिस्कही कोरड्या होतील. नाहीतर सकाळी डिस्कवर तांबूस गंज आणि पहिल्या ब्रेकला खरखर. ती निरुपद्रवी असते, पण माणूस दचकतो.

कव्हर घालत असाल तर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर पॉलिश पेपरचं काम करतं.

पक्ष्यांची विष्ठा आठवड्याच्या धुण्यापर्यंत ठेवायची नाही. त्यावर ओला टिश्यू ठेवून पाच-दहा मिनिटं भिजू द्या आणि उचलून घ्या, पुसू नका. आंब्याच्या झाडाखाली मोहोराच्या दिवसांत चिकटा पडतो तो तुडतुड्यांचा. ताजा असताना पाण्याने निघतो, वाळल्यावर त्याला धूळ चिकटून सालपट होतं. डांबराला बाजारात मिळणारा टार रिमूव्हर वापरा. पेट्रोल तर नकोच. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढता ना? जरूर काढा, पण संध्याकाळी पाणी ओतून उतरवा. कोरडं कुंकू बोटाने पुसू नका. झेंडूच्या माळेची तार किंवा सुतळी रंगाला टेकते का तेही बघा. धावत्या गाडीत ती सतत घासत राहते.

आता पडलेले ओरखडे. ते धुण्याने जाणार नाहीत. मशीनने पॉलिश करून क्लिअर कोटचा वरचा काही मायक्रॉन काढावा लागतो, आणि थरच ३५-५० चा असल्याने हे दरवर्षी करायचं काम नाही. म्हणून आधी तीन-चार महिने सवय बदला, मग एकदाच पॉलिश. करणाऱ्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का ते विचारा. नसेल तर तो अंदाजाने घासणार. सिरॅमिक कोटिंग हवं तर त्यानंतर. त्याने पाणी लवकर निथळतं आणि धूळ कमी चिकटते, पण वाळूने भरलेलं फडकं फिरवलं तर ओरखडे त्यावरही येतात. पॉलिशशिवाय कोटिंग केलंत तर आत्ताचे ओरखडे त्याच्याखाली तसेच दिसत राहतील.

फडकी धुताना कपड्यांत मिसळू नका. मशीनमध्ये वेगळी टाका, पातळ डिटर्जंट घ्या, कंडिशनर अजिबात नको. तो धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी ओढेनासं होतं. सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. चाकांचं फडकं वेगळ्या रंगाचं घ्या, म्हणजे घरातल्या कुणाच्याही हातून अदलाबदल होणार नाही.