पीएचडीसाठी गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघावा?

तुम्ही विचारलंय: मुलीचं लाइफ सायन्सेसमध्ये एमएस्सी झालंय, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची आहे, दोन लॅबमधून होकार आलाय. एका गाइडचा एच-इंडेक्स 22, दुसऱ्यांचा 61. मग 61 वाल्यांकडेच पाठवावं ना?

थांबा जरा. मीही असाच मोठा आकडा बघून लॅब निवडली होती. पाच वर्षांत सरांशी निवांत बोलणं झालं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. डिग्री मिळाली, आता ऐरोलीला नोकरी करते, तक्रार अशी नाही. पण तो आकडा नक्की काय मोजतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ही मोजणी 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली. एखाद्याचे किती पेपर असे आहेत की त्या प्रत्येकाला निदान तितके सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत आलेले त्याचे संदर्भ, आहेत, ते हा आकडा सांगतो. समजा कुणाचे सात पेपर आहेत आणि त्यांना सायटेशन आहेत 48, 30, 17, 9, 6, 4, 1. वरून बोट ठेवत खाली या. पाचव्या पेपरला 6 आहेत, म्हणजे पाचाला पुरतात. सहाव्याला 4 च, तिथे अडलं. एच-इंडेक्स 5. आता त्या 48 च्या जागी 4800 असते तरी उत्तर 5 च. आणि हा आकडा कधी उतरत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी वाढू शकतो. त्यामुळे 61 वाले साठीचे आणि 22 वाले चाळिशीचे असतील, तर ही तुलनाच चुकीची.

बरं, सायटेशन म्हणजे तरी काय? 1971 सालची दोन उदाहरणं घ्या. ओल्डफील्ड यांनी डावरे-उजवेपणा मोजायची एक छोटी प्रश्नावली छापली: लिहिता कुठल्या हाताने, कात्री कुठल्या, दात घासता कुठल्या, झाडू धरताना वरचा हात कुठला. त्याच वर्षी ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्याचा छोटासा पेपर छापला. ओकीफना 2014 चं नोबेल त्या कामातून मिळालं. तरी सायटेशन ओल्डफील्ड यांना कितीतरी जास्त, कारण माणसांवर मेंदूचा प्रयोग करणारा जो तो सहभागींचा हात तपासतो आणि तो पेपर नोंदवतो. उपयोगाची गोष्ट आहे, नाकारत नाही. पण झाडूचा प्रश्न आणि नोबेल एकाच तराजूत बसत नाहीत.

उलट 2006 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला अल्झायमरवरचा एक गाजलेला पेपर चित्रांत फेरफार झाल्यामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याला दोन हजारांवर सायटेशन जमले होते.

माझ्या स्वतःच्या एका पेपरला 11 आहेत. एकदा ठाणे-पनवेल लोकलमध्ये घणसोलीपर्यंत उभ्याउभ्या ते अकराही उघडून बघितले. चार आमच्याच लॅबचे. पाच ठिकाणी माझ्या पेपरचा संदर्भ आठ-नऊ पेपरांच्या गठ्ठ्यात, एका वाक्याच्या शेवटी. खरोखर वाचून वाद घालणारे दोन. त्या दोघांसाठी मात्र पाच वर्षं वाया गेली नाहीत असं वाटलं.

मुलीला हेच करायला सांगा. पेपर आणि त्यांचे सायटेशन दाखवणारं गूगल स्कॉलर फुकट आहे. दोन्ही गाइडचे पेपर वर्षानुसार लावा आणि गेल्या पाच वर्षांतलेच बघा. आपल्या विषयात साधारणपणे पहिलं नाव काम केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. गाइडचं नाव शेकडो लेखकांच्या रांगेत मधेच असेल, तर तो मेंदूच्या स्कॅनचा डेटा एकत्र करणारा मोठा प्रकल्प असतो. सायटेशन भरपूर, पण त्यातून लॅबमध्ये काय चालतं ते कळत नाही. याउलट जिवंत प्राण्याच्या मेंदूत एकेका पेशीचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा एक पेपर यायला चार-चार वर्षं लागतात. तिथे 22 हा आकडा लहान नाही.

मग पहिल्या नावांपैकी दोघांना ईमेल करा, शक्यतो लॅब सोडून गेलेल्यांना. पेपर लिहायला सर बसतात का, पहिला मसुदा किती दिवसांनी परत येतो, एवढंच विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात, फोनवर तर जास्तच.

आणि एक राहिलंच. स्कॉलरची प्रोफाइल आपोआप भरते आणि आडनाव व आद्याक्षर जुळलं की दुसऱ्याचे पेपरही आत घेते. आमच्या एका सहकाऱ्याचं आडनाव पाटील; मेंदूतल्या चेतापेशींवरच्या पेपरांच्या मधोमध उसाच्या खतावरचे सहा पेपर होते, आणि त्यांना सायटेशन यांच्यापेक्षा बरे. तुमच्या 61 वाल्यांचं आडनाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाटील, जोशी, कुलकर्णी असलं काही असेल, तर आधी यादीत ऊस शोधा.