स्वभावच हळवा आहे, मग नैराश्य येणारच का?

पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईचा हा प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी लहानपणापासून नव्या माणसांपुढे बुजायची, कुणी टोचून बोललं की दिवसेंदिवस मनाला लावून घ्यायची. हा स्वभाव आहे, आजार नाही. बुजऱ्या मुलांना पुढे चिंताविकार होण्याचा धोका जास्त असतो हे खरं, पण अनेकांना तो कधीच होत नाही. ताण आल्यावर मूल आणि घरचे काय करतात, यावर बरंच ठरतं.

इथे शाळा बदलली, जुना मैत्रिणींचा गट तुटला. रोज सकाळी पोटात दुखू लागलं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही. तरी दुखणं खोटं नव्हतं, भीतीने पोट खरोखर दुखतं. आई घरी राहू द्यायची. शाळा टळली की लगेच हायसं वाटतं आणि नेमकी त्यामुळेच दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. रात्री एका मैत्रिणीशी तासन्‌तास कुणी टोचून बोलल्याच्या त्याच त्या अपमानाची उजळणी चाले. मन मोकळं करावं, पण वाट न शोधता तेच तेच घोळवलं की उदासी मुरते. मुलींमध्ये ही सवय जास्त दिसते. वयात आल्यावर त्यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

उपाय टप्प्याटप्प्याने केला. आधी शाळेशी बोलून तिने फक्त पहिले दोन तास वर्गात बसायचं ठरवलं, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. भीतीला 0 (अजिबात नाही) ते 10 (सर्वांत जास्त) गुण द्यायचे आणि आकडा उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. पालकांची चूक बहुधा इथेच होते: आकडा 8 वर असताना ते मुलीला घरी आणतात आणि ‘पळाले म्हणून वाचले’ हेच तिच्या मनात पक्कं बसतं. मनातल्या काळज्या लिहायला संध्याकाळी वही घेऊन 15 मिनिटं, शेवटी ‘उद्या यातलं काय करता येईल’ ही एक ओळ. फोन रात्री खोलीबाहेर, कारण या वयात 8 ते 10 तास झोप हवी. सुटलेली चित्रकला रोज थोडा वेळ, मन लागो न लागो. आईने ‘घाबरू नकोस’ म्हणणं सोडलं; ‘भीती वाटतेय हे कळतंय, तरी तुला जमेल’ असं म्हणू लागली.

दोन आठवडे जवळपास रोज उदासी किंवा चिडचिड, आवडीच्या गोष्टी नकोशा, झोप-भूक बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.