हुकूम कुणाचा, निवेदन कुणाला?

शेतमालाच्या बाजारातली सरकारी ढवळाढवळ कमी व्हावी म्हणून गावोगाव काम करणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्याच्या 'प्रश्न तुमचे' सदरात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांतला राग खरा आहे, पत्ता तेवढा चुकलेला आहे.

कांद्यावर आधी निर्यातशुल्क, मग बंदी, मग पुन्हा शुल्क. आम्ही तहसीलदारांना पाच निवेदनं दिली, दोनदा रास्ता रोको केला. १ एप्रिल २०२५ ला शुल्क गेलं, पण ते आमच्यामुळे गेलं असं वाटत नाही. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं?
(एक कांदा उत्पादक, निफाड तालुका)

तहसीलदारांच्या हातात यातलं काहीच नाही. ते पोच देतात, कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून मुंबईला, आणि दिल्लीला पोचेतो हंगाम उरकलेला असतो. बंदी आणि किमान निर्यातमूल्य (ज्याच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव) ठरवतं वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय. शुल्क लावतो अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. साठा मर्यादा येते ग्राहक व्यवहार विभागाकडून, १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. आडत (दलाली), तोलाई (वजन करण्याची मजुरी), बाजार समिती हा राज्याच्या पणन खात्याचा प्रांत.

आता तुमचीच दोन वर्षं या हिशोबानं पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क: अर्थ मंत्रालय. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ८ डिसेंबरपासून बंदी: वाणिज्य. ४ मे २०२४ ला बंदी उठली खरी, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क शिल्लक राहिलं, म्हणजे दोन मंत्रालयांची दोन कुलुपं एकाच दारावर. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ज्यांच्या निवेदनावर या सगळ्या काळात 'निर्यातबंदी उठवा' एवढंच छापलेलं होतं, त्यांची मागणी मे २०२४ नंतर कागदोपत्री पूर्ण झालेली होती. तरीही कांदा बंदरात महागच पडत होता.

दुसरी चूक वेळेची. कांदाचाळीतला उन्हाळ कांदा चार-पाच महिने थांबू शकतो, लाल कांदा तीन-चार आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. ८ डिसेंबरची बंदी जास्त झोंबली ती यामुळेच: लाल कांदा ऐन काढणीत होता, धरून ठेवायची सोय नव्हती. बंदी आल्यावर मसुदा लिहायला बसलात तर लाल कांद्यापुरती ती लढाई हरलेलीच असते. कागद सप्टेंबरमध्ये तयार हवा.

मसुद्यात तीनच गोष्टी घ्या. हुकुमाची तारीख आणि क्रमांक. त्याचा तुमच्या बाजार समितीतल्या भावावर झालेला परिणाम, आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस, रोजच्या सरासरी भावासकट. आणि एक मागणी. ही मागणी 'हस्तक्षेप बंद करा' अशी असली तर उत्तर येत नाही. 'हस्तक्षेप करायचाच तर कोणत्या भावाला करणार ते आधी लिहून ठेवा, किमान ३० दिवसांची नोटीस द्या, मुदत सांगा आणि करार झालेला माल सोडा' अशी असली तर अधिकाऱ्याला निदान हो किंवा नाही म्हणावं लागतं. अशी मोजपट्टी एकदा कायद्यात आलीही होती. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीत नाशवंत फळं-भाज्यांचा किरकोळ भाव १०० टक्के आणि न सडणाऱ्या मालाचा ५० टक्के वाढल्याशिवाय साठा मर्यादा लावता येणार नव्हती. २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घेताना ही दुरुस्तीही गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीसमोर आलेल्या ७३ संघटनांपैकी ६१ कायद्यांच्या बाजूच्या होत्या, पण तो अहवाल कायदे जाईपर्यंत बंद पाकिटातच राहिला. संसदेत घाईनं मंजूर झालेली गोष्ट तितक्याच घाईनं रद्द होते, हे सुधारणावाद्यांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

खासदारामार्फत लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येतं, आणि तिथे साध्या चुकांनी कागद परत येतात. मराठी याचिकेला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर सही लागते. सह्या एकाहून अधिक पानांवर असतील तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा छापलेली हवी; कोऱ्या पानांवर गोळा केलेल्या दोन हजार सह्या वाया जातात. याचिकेला पुरावे, पत्रं, कात्रणं जोडायची नसतात. ती मंत्रालयाच्या पत्रासोबत पाठवा.

शरद जोशींनी नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली तेव्हा उसाची मागणी पाच वर्षांच्या पोरालाही पाठ होती: टनाला ३०० रुपये. जोर त्या एका नेमक्या आकड्यात होता; गर्दी तर तेव्हा इतरांच्याही मोर्चांना व्हायची.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकून शेतकऱ्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाल्याची बातमी गाजली. अशी उलटी पट्टी (माल विकूनही हाती काही न उरल्याची विक्रीची पावती) आंदोलनात पुरावा म्हणून कशी वापरावी?
(एक वाचक, बार्शी)

आधी ती नीट वाचावी. किलोला १ रुपया भाव, म्हणजे ५१२ रुपये. कपात ५०९ रुपये ५१ पैसे. हातात २ रुपये ४९ पैसे. सभेत शेवटचा आकडा सांगितला की टाळ्या पडतात आणि रोख व्यापाऱ्याकडे जातो. पण कपातीत मोटारभाडं आहे, हमाली आहे, तोलाई आहे. भाडं हा खरा खर्च आहे. किलोला दहा रुपये भाव असता तर हीच कपात कुणाच्या डोळ्यात आली नसती. दुखणं पहिल्या ओळीत आहे, त्या १ रुपयात.

कपातीच्या ओळी मात्र एकेक तपासा. फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची आडत जुलै २०१६ पासून खरेदीदारानं द्यायची आहे. बाजार फीही त्याचीच. यातली एकही रक्कम विक्रेत्याच्या पट्टीत 'इतर' किंवा 'खर्च' या नावाखाली दिसली तर बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार करा, प्रत तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांना द्या. पट्टी पेन्सिलीनं लिहिलेली किंवा बिनशिक्क्याची घेऊ नका, तिला पुढे कुणी विचारत नाही.

त्याच २०१६ च्या बदलानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. ती वापरताना एक धोका आहे: आवारात व्यापाऱ्याला परवाना असतो, पैसे बुडाले तर दाद मागायला निदान दार असतं. बाहेर तसं काही नाही. वजन होताच रोख किंवा यूपीआय, त्याशिवाय गाडीचं फाळकं लावू द्यायचं नाही.

निर्यात मोकळी करा म्हणायचं आणि त्याच तोंडानं खाद्यतेलाच्या आयातीवर शुल्क वाढवा म्हणायचं, हे कसं? सोयाबीनच्या सभेत हा प्रश्न आला आणि आमचे वक्ते गप्प झाले.
(एक कार्यकर्ता, लातूर)

गप्प होण्यासारखाच प्रश्न आहे. बाजार मोकळा हवा असेल तर दोन्ही दारं मोकळी हवीत. विकताना उघडं आणि घेताना बंद, ही मागणी दिल्लीत सहज कापली जाते, कारण समोर तेल गिरणीवाले आणि ग्राहक हाच युक्तिवाद उलटा करून उभे असतात. कच्च्या खाद्यतेलावर सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के मूळ शुल्क आलं, मे २०२५ अखेर ते १० टक्के झालं. पेरणीच्या तोंडावर कपात! इथे पकडायचा मुद्दा शुल्क किती हा नाही. पेरणी ते काढणी या काळात ते बदलू नये, हा आहे. ही मागणी तुमच्या तत्त्वाशी भांडत नाही.

याहून सरळ लढाई वायद्यांची (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरवलेल्या भावाचे सौदे) आहे आणि ती कुणी लढत नाही, कारण तिच्यात घोषणा बसत नाही. शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीनं २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, भात आणि कच्चं पामतेल या सातांचे वायदे बंद केले आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. पुढच्या महिन्यांचा भाव दिसण्याची जागाच गेली, मग सोयाबीन ठेवायचं की विकायचं हे गावात कुजबुजीवर ठरतं. हमीभावाच्या कायद्याबद्दलही सभेत विचारतील. हमीभावाखाली खरेदी केली तर गुन्हा असं ठरलं, तर मंदीत व्यापारी खरेदीच थांबवेल आणि सरकारी केंद्रावर बारदाना संपलेला असेल. हे स्पष्ट बोलावं, टाळ्या कमी पडल्या तरी.

साठा मर्यादेचा निर्णय कशावरून घेतला, हे माहिती अधिकारात विचारलं. अर्ज 'एकापेक्षा अधिक विषय' म्हणून परत आला. आता?
(एक डाळमिल चालक, जालना)

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. मात्र तुमचा विषय केंद्राचा आहे, तेव्हा अर्ज मुळात राज्याकडे जायलाच नको होता. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर ग्राहक व्यवहार विभाग निवडा, १० रुपये भरा. मराठीत अर्ज करायचा हक्क आहे, पण हिंदीत केला तर उत्तर लवकर येतं.

'का' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, कागद द्यायला आहे. अर्ज असा लिहा: 'अमुक तारखेच्या साठा मर्यादा आदेशाच्या फाइलवरील टिप्पणीच्या पानांच्या प्रती, आदेशाआधीच्या ६० दिवसांत विचारात घेतलेला भावांचा तक्ता, आदेशाची मुदत ठरवणाऱ्या टिप्पणीची प्रत.' एक आदेश, तीन कागद. सोबत कलम ४(१)(ग) आणि (घ) यांचा उल्लेख करा. धोरण ठरवताना तथ्यं प्रसिद्ध करणं आणि बाधितांना कारणं देणं ही तिथे सरकारचीच जबाबदारी आहे.

मंत्रिमंडळाचे कागद म्हणून नकार आला तर कलम ८(१)(झ) चं परंतुक दाखवा: निर्णय पूर्ण झाल्यावर कारणं आणि आधारभूत साहित्य उघड करायचं असतं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्राकडे त्याला फी नाही, राज्यात २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. बहुतेकांचं काम पहिल्या अपिलाची तारीख हुकल्यानं बुडतं. अर्ज केला त्या दिवशीच कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहून ठेवा.

आमच्या भागात नवा साखर कारखाना येऊ देत नाहीत, हवाई अंतर आडवं येतं. ही अट काढायला केंद्राकडे जावं लागेल का?
(एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा)

अर्धं काम मुंबईत होतं. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर आहे. महाराष्ट्रानं ते २५ केलं आहे. २५ चं १५ करायला दिल्लीची गरज नाही, १५ च्या खाली जायला आहे. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ही अटच काढायला सांगितली होती, तो हवाला द्या. आणि या मागणीत थकीत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) मिसळू नका. १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, हा हक्क आजही आहे आणि त्याचा पत्ता साखर आयुक्त, पुणे.

एचटीबीटी (तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला जनुकीय) कापूस लावून उघड कायदेभंग करावा का?
(एक तरुण शेतकरी, अकोट)

१० जून २०१९ ला तुमच्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं तो केलेला आहे. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य ही मागणी रास्त आहे, असं आमचं मत. पण परवानगी नसलेल्या बियाण्याचं बिल मिळत नाही. बिल नाही तर उगवण झाली नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, आणि चोरट्या बाजारात पाकिटात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सत्याग्रह म्हणून दोन गुंठ्यांवर नावासकट लावणं वेगळं, दहा एकरांवर गुपचूप लावणं वेगळं. पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या. अटक कोण करवून घेणार त्यांची यादी आदल्या रात्री पक्की करा, आणि स्पर्धा परीक्षेला बसलेल्या पोरांना तिच्यात घेऊ नका. गुन्हा मागे घेण्याचं आश्वासन लवकर मिळतं, चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा त्याहून लवकर दिसतो.

या कामासाठी संस्था नोंदवावी, की सरळ पक्ष काढावा?
(एक वाचक, पुणे)

निवेदन, याचिका, माहिती अधिकार, यांतल्या कशालाही नोंदणी लागत नाही. वर्गणी गोळा करायची असेल तर संस्था बरी: सात सभासद, १८६० चा कायदा, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद. मग दरवर्षी हिशोबतपासणी आली. जो गट महिन्याला तीन पत्रंही लिहीत नाही त्यानं हा व्याप कशाला ओढवून घ्यावा?

पक्ष काढायला स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज, किमान १०० मतदार सभासद आणि १०,००० रुपये लागतात. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. मोकळ्या बाजाराच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्यालाही! राजाजींच्या स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेनं १९९६ मध्ये याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. अट अजून जागेवर आहे.

ग्रामसभेचा ठराव दिल्लीत कुणी वाचतं का?
(एक ग्रामपंचायत सदस्य, येवला)

एकटा ठराव नाही. चाळीस गावांचे, एकाच मजकुराचे, एकाच आठवड्यातले ठराव खासदाराच्या हातात असले तर त्याला ते सभागृहात दाखवायला आवडतात. मजकूर शब्दशः एक ठेवा. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांतलं जे कमी ते. हजेरीवहीत सह्या कमी पडल्या तर ठराव तिथेच पडतो. विषय सभेच्या नोटिशीत आधी छापून घ्या, ऐन वेळच्या विषयांत घेतलेला ठराव विरोधक सहज उडवतात. आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी हातात घ्या, इतिवृत्त लिहून व्हायला कधी कधी पुढची ग्रामसभा उजाडते.