गॅस बॉयलरची ज्योत दुपारी पिवळी पडते, बर्नर बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं डाईंग युनिट, तासाला 600 किलो वाफेचा बॉयलर. दिवाळीनंतर लाकडावरून एलपीजीवर आणला, चिमणी जुनीच ठेवली. एप्रिल लागल्यापासून दुपारी ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, कामगारांचं डोकं दुखतं. उकाडा कमी व्हावा म्हणून मोठा एक्झॉस्ट फॅन बसवला, तर त्रास वाढला.

बर्नरचं नंतर बघू. आधी डोकेदुखीचं. हे उन्हानं होतंय असं समजून सोडून देऊ नका. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. पुन्हा कुणाचं डोकं जड झालं, मळमळलं, तर बॉयलर बंद करा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि त्या माणसाला सरळ दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टरांना 'गॅस बॉयलरच्या खोलीत होता' एवढं नक्की सांगा.

आता कारण. मला वाटतं तुमची खोली उपाशी आहे. एक किलो एलपीजी नीट जाळायला, थोडी जास्तीची धरून, साधारण 15 घनमीटर हवा लागते. तुमच्या बॉयलरला पूर्ण लोडवर तासाला 33 किलोच्या आसपास गॅस लागेल, म्हणजे हवा झाली 500 घनमीटर. खोली 5 बाय 4 मीटरची आणि 4 मीटर उंच असेल, तर तिच्यातली सगळी हवा बर्नर दहा मिनिटांत ओढून घेतो. तेवढी बाहेरून आत यायला वाट हवी. त्यात तुम्ही एक्झॉस्ट फॅन लावलात. तो बर्नरच्या वाट्याची हवा बाहेर फेकतो, आणि खोलीतला दाब उतरला की चिमणीतला धूर उलटा आत यायला लागतो. तो फॅन आजच बंद करा. गार वारा हवाच असेल, तर पंखा बाहेरून आत हवा ढकलणारा लावा.

खात्री अशी करून घ्या. बॉयलर फुल फायरिंगवर, म्हणजे पूर्ण ज्योतीवर, असताना दार बोटभर उघडं ठेवा आणि फटीत टॉवेलचा एक सुटा धागा धरा. धागा आत ताणून उभा राहिला, दार उघडताना जड लागलं, तर खोली हवा मागतेय. फॅन बंद करून पुन्हा धरा, फरक डोळ्यांनी दिसेल.

वाट किती मोठी? अमेरिकेच्या गॅस नियमात थेट बाहेर उघडणाऱ्या दोन खिडक्या सांगितल्यात, एक जमिनीलगत आणि एक छतालगत, बर्नरच्या उष्णतेच्या दर किलोवॅटला प्रत्येकी 550 चौरस मिलिमीटर मोकळ्या. तुमच्या बॉयलरला हिशेब लावला आणि लोखंडी लूव्हरच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा केली, तर दोन फूट बाय दोन फुटाच्या दोन खिडक्या लागतात. खालची विसरू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो, त्याला निघायची वाट तीच.

आणि आपल्या गावाची खास अडचण म्हणजे टॉवेलचे तंतू. एका कारखान्यात मी दीड तास बर्नरशी झटत होतो. शेवटी पंख्याच्या तोंडाची जाळी काढली, तर तिच्यावर नमद्यासारखा जाड, राखाडी थर. बोटानं सोलला तसा अख्खा निघाला. खालच्या खिडकीत रात्रपाळीच्या मामांनी थंडी लागते म्हणून गोणपाट कोंबलेलं. ते स्वतः बाजूला डोकं धरून बसले होते. त्यांचा तरी काय दोष, ती खिडकी कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी जाळी आणि खिडकी बघतो, मग बर्नरची पेटी उघडतो. तुम्ही जाळी रोज झटका, आणि खिडकीवर 'बंद करू नये' असं मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत लिहा.

सकाळी ठीक आणि दुपारीच का बिघडतं, तर बर्नरचा पंखा हवा मापानं ओढतो, वजनानं नाही. तुमचं सेटिंग थंडीत झालं. 15 अंशांच्या हवेपेक्षा 43 अंशांची हवा नऊ टक्के हलकी असते. पंधरा टक्के जास्तीची हवा ठेवली असेल, तर मे महिन्याच्या दुपारी त्यातली पाचच उरते. तंतूंनी तीही खाल्ली की ज्योत पिवळी. म्हणून ट्यूनिंग भर उन्हाळ्यात दुपारी करून घ्या, फ्लू गॅस अ‍ॅनालायझर (चिमणीतल्या धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावून: ऑक्सिजन 3 ते 4 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 100 पीपीएमच्या (दहा लाखांत 100 भागांच्या) आत. ज्योतीत अधूनमधून नारिंगी ठिणग्या दिसल्या तर ते जळणारे तंतू असतात, ती वेगळी गोष्ट. मऊ, लांब, लोळणारी पिवळी ज्योत वाईट. आणि हवा कमी पडली की बर्नर बंद करणारा एअर प्रेशर स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी वायर जोडून तो बायपास करायला निघाला, तर त्याला हात लावू देऊ नका. हवा कमी आहे हे तोच ओरडून सांगत असतो.

राहिली चिमणी. लाकडाची चिमणी गॅसला बहुधा मोठी पडते. धूर रेंगाळतो, गार होतो. किलोभर एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन वर जातं, ते गार भिंतीवर सुटतं आणि पत्रा आतून खातं. बुडाशी जुनी राख-काजळी साचली असेल ती आधी काढा. मग योग्य मापाचा स्टेनलेस लायनर, म्हणजे चिमणीच्या आत बसणारा पाइप, आत सोडा. बॉयलरपासून चिमणीपर्यंतचा आडवा पाइप मीटरला 20 मिलिमीटर चढता हवा. सांध्यांवर काळे ओघळ असतील, तर धूर तिथूनच खोलीत येतोय.

अटेंडंट जिथे बसतो तिथे नाकाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि एलपीजीचा वेगळा, जमिनीलगत. फॅन बंद केल्यावर धागा कसा राहिला आणि चिमणीची उंची-व्यास किती ते इथेच लिहा, लायनरचं माप काढून देतो.