अकरा वर्षं सात महिने म्हणजे बारा वर्षं : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली, त्यातली तीन घेतोय. पहिल्याला जास्त जागा देतोय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून, जवळजवळ त्याच शब्दांत येत असतो.

प्रश्न : सर, मी सातपूर एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर होतो. 11 वर्षं 7 महिने एकाच ठिकाणी काढली. वडील आजारी पडले म्हणून गावी यावं लागलं. रीतसर राजीनामा दिला, नोटीसचा महिनाही काम करून भरला, मागच्याच महिन्यात सुटलो. ग्रॅच्युइटीचं (नोकरी सुटताना झालेल्या वर्षांच्या हिशोबाने मालक देतो ते पैसे) विचारलं तर शेठ म्हणतात ती रिटायर होणाऱ्याला असते, तू स्वतःहून सोडलंस, शिवाय लॉकडाऊनमध्ये अडीच महिने काम बंद होतं तिथे तुझा ब्रेक पडला, आणि आता आपण आठच जण आहोत म्हणजे आपल्याला तो कायदाच लागू नाही. शेठ माणूस म्हणून चांगले आहेत, बहिणीच्या लग्नात उचल दिली होती, भांडायची इच्छा नाही. पण हक्काचं असेल तर सोडू का? शेवटचा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 18,200 होता. – एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडू नका. आणि भांडूही नका, त्याची गरज पडेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

शेठनी सांगितलेली तिन्ही कारणं मी कारखान्यांत पर्सोनेलमध्ये, म्हणजे कामगारांच्या नेमणुका-पगार बघणाऱ्या विभागात होतो तेव्हा इतक्या वेळा ऐकलीत की पाठ झालीत. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, सलग 5 वर्षं नोकरी झालेली पाहिजे एवढंच, आणि माणूस गेला किंवा अपंग झाला तर 5 वर्षांचीही अट नाही. लॉकडाऊनचं म्हणाल तर काम बंद पडलं त्यात तुमचा काय दोष होता? कामगाराचा दोष नसताना काम थांबलं तर तो काळ सलग नोकरीतच धरायचा असं कायद्यातच आहे, 2020 मध्ये घरी बसलेल्या कोणाचाही ब्रेक पडलेला नाही हे ज्यांना सांगता येईल त्यांना सांगा. तिसरं, आठ माणसांचं. कायदा 10 माणसांपासून लागतो, पण एकदा लागला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. तुमच्या काळात कधी 10 जण होते का ते आठवा, जुन्या दसऱ्याच्या पूजेच्या ग्रुप फोटोत मोजले तरी अंदाज येईल.

आता हिशोब. 18,200 ला 26 ने भागायचं, 700 येतात. त्याला 15 ने गुणायचं, 10,500. हे झाले एका वर्षाचे. वर्षं किती? शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर गेलात की ते पूर्ण वर्ष, म्हणून तुमची 12 वर्षं. एकूण 1,26,000 रुपये. काही ठिकाणी अकाउंटवाले 30 ने भागतात आणि सात महिने सोडून देतात, तसं केलं तर 1,00,100 येतात, म्हणजे तुमचे 25,900 रुपये नुसत्या भागाकारात गेले. मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही, पुष्कळांना खरंच माहीत नसतं, पण कागदावर आकडा तुम्ही स्वतः मांडून न्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण 15 आणि 26 चं हे गणित तेच आहे. बदललंय ते असं की ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, आणि बेसिक एवढासा ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची जी पद्धत होती तिला चाप बसलाय, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच धरतात.

करायचं काय, तर पीएफ कापत असतील तर आधी त्याचं पासबुक डाउनलोड करा. त्यात महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो, नोकरी किती वर्षं झाली याला यापेक्षा चांगला पुरावा नाही. मग साधा अर्ज, सोडल्यापासून 30 दिवसांच्या आत, स्वतः नेऊन द्या आणि कॉपीवर सही घ्या, सही दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण वेळेत दिलेला बरा. मालकाने 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर पुढे व्याज लागतं. तरीही हललं नाही तर कामगार कार्यालयात जा, पुढचा अर्ज कोणाकडे करायचा ते तिथे सांगतात.

उचलीबद्दल एक बोलायचंय. ती त्यांनी दिली हे चांगलंच केलं, आणि तुम्ही ती पगारातून फेडलीही असणार. ते उपकार वेगळे आणि ही ग्रॅच्युइटी वेगळी, तुमच्या 12 वर्षांच्या कामातून ती साठलीय. मी एका कारखान्यात निरोप समारंभ पाहिलाय, 58 वर्षांचा फिटर, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, साहेबांनी भाषण केलं, आणि चेक नाही. तो माणूस शालीची घडी मांडीवर घेऊन सगळे पांगेपर्यंत खुर्चीत बसून होता, विचारायला त्याच्याच्याने तोंड उघडवत नव्हतं. चेक निघाला पाच महिन्यांनी. मी त्या वेळी त्याच ऑफिसात होतो आणि त्याच दिवशी ती फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो नाही, ते अजून मनात आहे. म्हणून सांगतो, तुम्ही विचारा.

प्रश्न : शिरोलीत माझं मशीन शॉप आहे, 14 कामगार. आयटीआय झालेली पोरं घेतो, दोन वर्षं हाताला धरून शिकवतो, आणि शेजारच्या गाळ्यात हजार रुपये जास्त मिळाले की दिवाळीनंतर येतच नाहीत. मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्यावं का? किंवा एक पगार अडकवून ठेवावा? – एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही करू नका. सोडून गेलेल्याचा पगार आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचाय, अडकवलात तर तुम्हीच अडकाल. आणि सर्टिफिकेट कपाटात ठेवून घेतलेला पोरगा मशीनवर उभा असतो पण मनाने गेलेला असतो, त्याच्या हातून बनलेले जॉब (सुटे भाग) रिजेक्ट होतात ते वेगळंच.

तुमचा त्रास खरा आहे, शिकवण्यात जे जातं ते कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. पण मला सांगा, पगार 7 तारखेच्या आत होतो का? दर महिन्याला? ओव्हरटाइम दुप्पट दराने देता का? आणि तुमच्याकडे वाढ कधी होते? बऱ्याच छोट्या शॉपमध्ये मी बघितलंय, पोरगा 'सोडतो' म्हणाला की लगेच दीड हजार वाढवतात, त्याने तो एक थांबतो पण बाकीच्या तेरा जणांना कळतं की इथे वाढ मागायची रीत हीच आहे. त्यापेक्षा एप्रिलमध्ये सगळ्यांना बसवून कोणाला किती आणि का ते सांगा, मग कमी वाढ असली तरी माणसं ऐकून घेतात.

दुसरं म्हणजे ग्रॅच्युइटीचे पैसे दर महिन्याला बाजूला टाका. बेसिक-डीएच्या 4.81 टक्के, वरच्या हिशोबाला बारा महिन्यांत वाटलं की एवढंच येतं. एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी स्कीम आहे, तीत भरता येतात. आणि कोणाच्या नावावर किती साठलंय ते वर्षातून एकदा ज्याच्या त्याच्या हातात कागदावर द्या. तीन वर्षं झालेल्या पोराला पाच वर्षांना काय मिळणार हे आकड्यात दिसलं की शेजारच्या हजार रुपयांशी तो ताडून बघतो. सगळे नाही थांबणार, काही जातीलच. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र हसून द्या, त्यातलेच एकदोन परत येतात, मी येताना पाहिलेत.

प्रश्न : मी एका दुकानात बिलिंगला आहे, आम्ही 16 जण, पगार 15,000, दोन वर्षं झाली. पाचवा महिना आहे, पहिलंच मूल. मालक म्हणतात आता राजीनामा लिहून दे, बाळ मोठं झालं की परत घेतो. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, राजीनामा लिहू नका. तुम्हाला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापतात का ते स्लिपवर बघा. कापत असतील आणि आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन भरणा-कालावधींत मिळून 70 दिवसांचा भरणा असेल तर रजेचे पैसे ईएसआयसी देते, मालकाच्या खिशातून जात नाहीत. हे त्यांना शांतपणे सांगा, कितीतरी मालक केवळ सहा महिन्यांच्या पगाराच्या धास्तीने राजीनामा मागतात आणि हे कळलं की विषय तिथेच मिटतो. ईएसआयसी नसेल तर मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं पुरे, मग पैसे मालकाने द्यायचे. रजेचा अर्ज लेखी द्या, डॉक्टरांची तारीख जोडून. आणि टाइप केलेला राजीनामा समोर सरकवला तर 'घरी विचारून सांगते' म्हणा आणि तो कागद सही न करता पर्समध्ये घालून घरी घेऊन या.