खोडा की पुसा?

देवगडच्या एका बागायतदार सोसायटीत हिशेबाचा प्रोग्रॅम अजून काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत चालतो. तिथल्या एका ताईंचा प्रश्न : बॅकस्पेस दाबली की एका टर्मिनलवर (म्हणजे मशीनला जोडलेल्या पडदा-कळफलकावर) अक्षर जातं, दुसऱ्यावर '^एच' उमटतं. नव्या मुलांच्या सूचनापत्रात या कळेसाठी 'पुसा' लिहू की 'खोडा'?

'खोडा' लिहा. (वाचून कोणी कामात खोडा घालणार नाही.)

आधी एक तक्रार. '^एच' दिसलं रे दिसलं की जो तो 'बॅकस्पेस बिघडली' म्हणून मोकळा होतो. कळ ठणठणीत असते हो! ती ८ हा संकेत पाठवते ('^एच' म्हणजे तोच) आणि पलीकडचं मशीन अक्षर खोडायला १२७ ची वाट बघत बसलेलं असतं. उलट झालं तर '^?' उमटतं. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवर तर बॅकस्पेस ८ पाठवायची आणि डिलीट ही वेगळी कळ १२७.

आता हे १२७ कुठून आलं? खरी मजा इथेच आहे. टेलिटाइपवर, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्रावर, मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. चुकीचं भोक बुजवणार कसं? म्हणून पट्टी एक घर मागे घ्यायची आणि 'रब आउट' ही कळ दाबून त्या अक्षराच्या सातही जागी भोकं पाडायची. सात भोकं म्हणजे १+२+४+८+१६+३२+६४, म्हणजेच १२७. वाचणारं यंत्र ते घर सोडून पुढे जाई. अक्षर गेलं, पण घर तिथेच राहिलं. याला पुसणं म्हणत नाहीत, खोडणं म्हणतात.

परिभाषावाले यावर नाक मुरडतात : खोडलेलं दिसत राहतं, पडद्यावर काहीच उरत नाही, सबब 'पुसणे'. पडदा आला नंतर, महाराज! संकेत पट्टीच्या काळातला आहे. आणि रबर पुसतो, तरी शाळेत आपण 'खोडरबर'च मागितला ना? माझ्या मते 'खोडणे' हे झाडाच्या 'खोडा'शी जोडलेलं आहे : फांदी छाटायची, बुंधा ठेवायचा. हापूसच्या बागेत राहणाऱ्याला हे कोशात बघावं लागू नये. कोणाला ही व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. वाटो.

हां, तुमचं टर्मिनल. जिथे '^एच' उमटतं तिथे प्रोग्रॅम उघडण्याआधी 'एसटीटीवाय इरेझ ^एच' अशी आज्ञा द्या, इंग्रजी अक्षरांत. (एसटी महामंडळाचा संबंध नाही, टीटीवाय म्हणजे तोच टेलिटाइप.) आज्ञेत 'इरेझ' आहे, म्हणजे पुसणंच, असं कोणी म्हणेल. ते मशीनने करायच्या कामाचं नाव झालं. १२७ चं नाव डिलीटच.

बाणांच्या कळा दाबून 'ए', 'बी' उमटू लागले तर ते दुखणं वेगळं. वरचा बाण व्हीटी५२ या जुन्या टर्मिनलवर 'एस्केप' हा संकेत आणि मागोमाग 'ए' पाठवतो, व्हीटी१०० वर मध्ये चौकटी कंस किंवा 'ओ' येतो. तिथे 'टर्म' या सेटिंगमध्ये टर्मिनलचं खरं नाव घाला, खोडाखोड करू नका.