दाद आणि वही

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

बैठकीत द्रुत, वेगवान तानांना टाळ्या पडल्या आणि संथ विलंबिताला कुणी मानही हलवली नाही, हे तुला लागलंय. लागू दे. दादेची भूक वाईट नाही. एका 'क्या बात है'ने गळा खुलतो. अडचण पुढे होते. जिथे टाळ्या पडतात तिकडे गाणं नकळत सरकतं. तोच तुकडा तीनदा घेऊन संपणाऱ्या तिहाईला दाद पटकन येते, स्थिर लागलेल्या गंधाराला ('ग' सुराला) बहुतेकदा शांतताच मिळते. मग तिहाया वाढत जातात आणि गंधार ढळतो.

म्हणून आठवड्यातून एकदा भूप रागातला विलंबित एकताल २० मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित कर. फोन तीन-चार हात लांब ठेव; तानपुऱ्याला खेटून ठेवलास तर तुझा आवाज त्यात बुडेल. त्याच दिवशी ऐकू नकोस. काय गायचं होतं ते मनात ताजं असतं आणि कान तेच ऐकतो. दुसऱ्या दिवशी तीनदा ऐक. आधी फक्त सूर. मग हातावर एकतालाच्या १२ मात्रा धरून लय: समेवरच्या, म्हणजे पहिल्या मात्रेवरच्या दादेची ओढ असली की अकराव्या-बाराव्या मात्रेत मुखड्याला, बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याला, घाई होते आणि सम आधीच येते. शेवटी राग. धैवतावर ('ध'वर) फार रेंगाळलं की भूपाचा देसकार राग होतो. सूर तेच पाच, म्हणून गाताना कळत नाही.

वहीत 'बरं नाही झालं' असलं काही लिहू नकोस, त्यातून दुरुस्ती सुचत नाही. 'चौथं आवर्तन, गंधार उतरला, श्वास अपुरा' असं लिही; आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. जमलेली एक जागाही लिहायचीच, नाहीतर वही उघडावीशी वाटणार नाही.

सुरुवातीला स्वतःचा आवाज परका वाटेल. गाताना तो कवटीच्या हाडांतूनही कानात येतो, मुद्रणात फक्त हवेतून. महिनाभरात सवय होते; तेवढ्यासाठी सोडू नकोस. आणि ध्वनिमुद्रण लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस. दहा जणांचं 'अप्रतिम' आलं की तुझं ऐकणं तिथेच थांबतं.

विचारायचंच असेल तर तबलजींना विचार, पण 'कसं झालं?' असं नको. 'मी समेवर आधी येतो का?' असं विचार. पहिल्या प्रश्नाला माणसं मन राखणारं उत्तर देतात, दुसऱ्याला खरं.

रविवारी येताना फोन राहू दे, वही आण. चौथ्या आवर्तनापासून बसू.